आधी पंखे, मग सोलर

आमचं घर लातूर जिल्ह्यातल्या औशात, जुन्या गल्लीत. १९९३ पर्यंत ते माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमची एक भिंत गेली, माणसं वाचली. दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचा भार, अशाच घरांनी त्या पहाटे माणसं गाडली होती. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, उरलेलं माळवद उतरवलं आणि दोन वर्षांनी स्लॅब टाकला. भीती गेली, उकाडा आला. मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकायचं तर रात्री दहाला दोन बादल्या पाणी मारावं लागायचं आणि ते पाणी बघता बघता वाळायचं.

२०२४ च्या मे महिन्यात बिल आलं ३१० युनिटचं. आमच्याकडे १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे वरचे दोनशे युनिटच खिसा कापतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली होती. एक सोलरवाला घरी आला. "साहेब, ३ किलोवॅटच बसवा. ७८ हजार सबसिडी आहे. २ किलोवॅटला ६० हजारच मिळतात. १८ हजार सोडता का?" मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

आमचा नेहमीचा वायरमन दुसऱ्याच कामाला आला होता. तो म्हणाला, "मामा, हे पंखे कुठल्या काळचे?" चारही आण्णांच्या हातचे, प्रत्येकी ७५ वॅटचे. नव्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, पंख्याला तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅट लागतात. चार पंखे, रोजचे सोळा तास: महिन्याला ८५ युनिटच्या आसपास वाचतात. हा हिशेब सोलरवाल्याने सांगितला नव्हता, आणि तो का सांगेल?

चार पंख्यांचे साडेअकरा हजार. एका बँकेत विचारलं. सोलरला कर्ज आहे, तारण नाही, व्याज सात टक्क्यांच्या आत-बाहेर. पंख्यांना? साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. "पर्सनल लोन घ्या." त्याचा दर चौदा टक्के. घरदुरुस्तीचं कर्ज काढावं तर इंजिनिअरचं अंदाजपत्रक आणा, घर गहाण टाका. म्हणजे वीज तयार करायची तर सरकार, बँक, सगळे दारात उभे; आणि तीच वीज वाचवायची तर तुमचं तुम्ही बघा. मला अजून हे पटलेलं नाही.

शेवटी आईची भिशी कामाला आली. फेब्रुवारी २०२५ ला तिचा नंबर लागला. "कशाला पैशाचा धूर करलालास बाबा, पंखे फिरायलेत की," असं म्हणत तिनेच पैसे काढून दिले.

मार्चमध्ये स्लॅब कमी तापावा म्हणून त्याला चुना लावला. कळीचा चुना रात्रभर भिजवला, त्यात फेविकॉल घातलं, दोन हात दिले. पहिला हात मी भर दुपारी दिला, तो पापड्या होऊन निघाला. दुसऱ्यांदा संध्याकाळी, स्लॅब ओला करून दिला, तो बसला. एप्रिलच्या वळवाच्या पावसात थोडा चुना धुऊन शेजारच्या नव्या रंगाच्या भिंतीवर उतरला आणि आठ दिवस बोलणं बंद झालं. तेव्हा आधी पन्हळीचं तोंड बघून घ्या. आणि हे दरवर्षीचं काम आहे. माळवदावर मृगाआधी नवी माती टाकायचे, तसंच. पण कूलर आता रात्री बाराला बंद करता येतो.

सोलरच्या अर्जाला खरा वेळ गेला तो नावात. वीजबिल आण्णांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षं झालेली. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला की बिलावरचं नाव येतं. कर्ज आणि सबसिडीचं खातं त्याच नावाचं हवं. मग मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराची पावती, वारसांचं संमतीपत्र. ताई परभणीला. तिची सही आणायला एक रविवार गेला, त्यात पुरणपोळी झाली, पण स्टॅम्प पेपर मी घरीच विसरलो होतो. पुन्हा एक रविवार. कार्यालयात अर्ज एका टेबलावर तीन आठवडे पडून होता. बिलावर माझं नाव यायला जून उजाडला. तुमचंही बिल आजोबा-वडिलांच्या नावावर असेल तर ते काम आजच सुरू करा, सोलर घ्या अथवा न घ्या.

या उशिराचा एक फायदा झाला. मधल्या काळात मे महिन्याचं बिल आलं: २१५ युनिट. २ किलोवॅटचं सोलर आमच्या उन्हात महिन्याला साधारण २४० युनिट देतं. म्हणजे ३ ची गरजच नव्हती. सोलरवाला नाराज झाला, पण बसवून गेला. खर्च १ लाख ३० हजार, त्यातले १३ हजार माझे, बाकी कर्ज. हप्ता साडेतेराशेच्या आसपास. नेट मीटर, म्हणजे लाइनला दिलेली आणि लाइनवरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, जुलैत लागलं, ६० हजार ऑगस्टमध्ये जमा झाले, ते तसेच कर्जात भरले. आता हप्ता तोच ठेवला तर चार-सव्वाचार वर्षांत फिटेल.

दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. बॅटरी नसेल तर भर उन्हात अंधार. आणि शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेले युनिट कमी दराने जातात. हिवाळ्यात साठवलेलं मे महिन्याच्या कामी येत नाही. शिवाय पॅनेल पुसायला पाणी लागतं. २०१६ साली आमच्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे मी ओल्या फडक्यावर भागवतो.

आईच्या भिशीतल्या बायका आता पंखे बघायला येतात. या महिन्याचा नंबर कोपऱ्यावरच्या काकूंचा आहे. त्यांना तीन पंखे हवेत, आणि त्यांच्या गच्चीला चुना मी लावून देईन, असं आईने परस्पर कबूल करून टाकलंय.