तुम्ही विचारलंत म्हणून: आई-बाबांना घेऊन रेडवुडच्या जंगलात तंबूत राहायचं तर

"आई-बाबा भारतातून आलेत, मुलांना सुट्टी आहे. रेडवुडमध्ये दोन रात्री तंबूत राहावं म्हणतोय. थंडी बाधेल का? अस्वलं येतात का?" बे एरियातल्या मराठी घरांतून उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. थंडीचं आणि अस्वलाचं बघता येतं. सहलीचा विचका करते ती ओल.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर ही झाडं शंभर मीटरच्याही वर जातात. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतो. समुद्रावरून येणारं धुकं त्यांची तहान भागवतं. तेच धुकं पानांवर साचून रात्रभर खाली ठिबकत राहतं. त्यामुळे आकाशातून थेंबही न पडता सकाळी तंबू चिंब असतो, आणि जुलैतही रात्री पारा ८-१० अंशांवर येतो.

म्हणून तंबूवरचं आच्छादन पहिल्या रात्रीपासूनच लावा, आणि दोऱ्या अशा ताणा की ते आतल्या कापडाला टेकणार नाही. टेकलं की तिथून पाणी झिरपलंच. तंबूखालची ताडपत्री तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच आत दुमडा. बाहेर डोकावली तर ठिबकणारं पाणी झेलून थेट अंथरुणाखाली नेते. वरच्या जाळीच्या खिडक्या मात्र उघड्याच ठेवा. ऊब राहावी म्हणून सगळं बंद केलं, तर चार माणसांच्या श्वासाची वाफ आतून पाझरते. जागा निवडताना एकदा वर बघा: सुकलेली, अडकलेली फांदी दिसली तर तिच्याखाली तंबू नको.

आजी-आजोबांना जमिनीवरून उठणं जड जातं म्हणून घडीची खाट नेतात, ते बरोबरच. पण खाटेखालून गार हवा खेळते, तेव्हा तिच्यावर फोमची जाड गादी हवीच. हवा भरायच्या साध्या गादीने थंडी अडत नाही. आतली हवा गार पडते आणि पहाटे गादी मऊ पडलेली असते. सुती गोधडी घरीच ठेवा. ती ओल शोषते आणि तिथे वाळत नाही. लोकरीची शाल, कानटोपी आणि फक्त झोपताना घालायचे कोरडे मोजे बरे.

चहाचंही याच गारठ्यात अडतं. एशियन दुकानातली ब्युटेनची शेगडी घरी छान चालते, पण जळताना डबी स्वतःच गार होत जाते, आणि पहाटेच्या थंडीत ज्योत मिणमिणते. प्रोपेनची शेगडी न्या. एक पौंडाची टाकी, दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर तासाभरात संपते. दोन दिवसांना तीन टाक्या आणि तीन लिटरचा कुकर पुरतो. सरपण तिथेच विकत घ्या. घरून नेलेल्या लाकडातून झाडांची कीड पसरते, आणि जंगलातलं उचलायला बंदी आहे.

आता अस्वल. खाण्याचं सगळं लोखंडी कपाटात ठेवायचं, आणि टूथपेस्ट, बाम, खोबरेल तेलही. पण आपल्या लोकांनी जास्त जपायला हवं ते चिवड्याच्या सांडलवंडीला. सांडलेल्या शेवेवर स्टेलर्स जे नावाचे निळे तुरेवाले पक्षी आणि डोमकावळे टपलेले असतात. तळावर खाऊ मिळाला की त्यांची संख्या वाढते, आणि मग ते मार्बल्ड मरलेटची अंडी फस्त करतात. हा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो, पण अंडं घालतो ते याच जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या फांदीवर, आणि तेही एकच. कॅलिफोर्नियात त्याचं पहिलं घरटं बिग बेसिन या रेडवुडच्या उद्यानात १९७४ साली कुठे सापडलं, इतका तो लपून राहतो. टेबलाखाली जुनी चादर पसरा, उठताना झटकू नका. घडी करून कचऱ्याच्या डब्यावर रिकामी करा. खरकटं पाणीही झाडाच्या बुंध्यात नको.

रस्ता १०१ नंबरचा. सॅन फ्रान्सिस्कोहून हम्बोल्ट रेडवुड्स हे राज्य उद्यान सव्वादोनशे मैलांच्या आसपास. मुलं बरोबर असली की सहा तास धरा. लेगेट ते गार्बरव्हिल वळणं आहेत, उलटीची गोळी त्याआधी द्या. फोनला रेंज बेभरवशाची, नकाशा उतरवून ठेवा. पुढे एल्क प्रेअरीचा तंबूतळ आणखी दोन तास. तिथले एल्क, म्हणजे मोठी हरणं, गाईसारखे शांत चरताना दिसले तरी फोटोसाठी जवळ जायचं नाही. जवळच्या फर्न कॅनियन या नेच्यांनी भरलेल्या घळीला १५ मे ते १५ सप्टेंबरमध्ये गाडी न्यायची तर परवाना आधी काढावा लागतो.

जागेचं बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या राज्य उद्यानांच्या संकेतस्थळावर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. एका जागेत जास्तीत जास्त आठ माणसं. स्वच्छतागृहापासून दोन-तीन जागा सोडून घ्या: आजींना रात्री जवळ पडेल आणि दाराची धाडधाड कानावर येणार नाही.

निघताना तंबू ओलाच गुंडाळावा लागेल. तो वेगळ्या पिशवीत घाला आणि घरी पोचल्याच्या दिवशी गॅरेजमध्ये पसरा, नाहीतर बुरशी धरते.