ड्रायव्हर जळालाय म्हणून सोडून देण्याआधी मीटर लावा

हेडफोनची एक बाजू खरखरायला लागली किंवा मुकी झाली, की सगळ्यात आधी दोष मोठ्या आवाजावर जातो. कधी तो खरा असतो. पण पुष्कळदा ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर, धडधाकट असतो आणि बिघाड वायरीत, जॅकमध्ये, नाहीतर पडद्यावर पडलेल्या एका केसात असतो. म्हणून नवा हेडफोन मागवण्याआधी दहा मिनिटं काढून मल्टिमीटर लावाच.

आवाजाने ड्रायव्हर जातो कसा, हे आधी पाहू. नेहमीच्या हेडफोनमध्ये ४० मिलिमीटर व्यासाचा पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. त्याच्या मागे केसासारख्या तांब्याच्या तारेची कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या अरुंद खाचेत, दोन्ही बाजूंना न घासता, पुढेमागे हलते. आवाज वाढवला की दोन गोष्टी होतात. कॉइल तापते आणि पडदा जास्त हलतो. तापली की तारेवरचं इनॅमल आणि गोंद मऊ पडतात, वेढे सुटतात, कॉइल खाचेच्या भिंतीला घासू लागते. अजून तापली की तार तुटते. पडदा मर्यादेबाहेर हलला की त्याला सुरकुती पडते किंवा कडेचा गोंद सुटतो.

इथे व्हॉल्यूम किती टक्के होता याला फारसा अर्थ नाही, कॉइलमध्ये किती वॅट गेले ते महत्त्वाचं. हिशोब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. फोनच्या जॅकमधून १ व्होल्ट निघाला तर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये जेमतेम ३१ मिलिवॅट जातात. तेवढ्याने चांगला ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर जळत नाही. पण ८ ओहमला ५० वॅट देणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर २० व्होल्ट असतात. तिथे तोच हेडफोन लावला तर १२.५ वॅट! ऑडिओ टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सची कमाल मर्यादा १.६ वॅट दिलेली आहे, आणि कितीतरी हेडफोन ०.१ वॅटवरच थांबतात.

शिवाय १ मिलिवॅटला ९९ डेसिबल देणारा हेडफोन १०० मिलिवॅटला ११९ डेसिबल देतो. तो कानावर सहनच होणार नाही. म्हणून ड्रायव्हर बहुतेक वेळा कानावर नसताना जळतो: टेबलावर ठेवून स्पीकरसारखा वाजवताना, मिक्सरच्या हेडफोन आउटला पूर्ण गेनवर विसरल्यावर, किंवा अॅम्प्लिफायर चालू करताना बसणाऱ्या 'धप्प' झटक्याने. इक्वलायझरमध्ये बास ६ डेसिबल वाढवला की त्या पट्ट्यात चौपट पॉवर जाते, १२ डेसिबलला सोळापट. 'व्हॉल्यूम तर अर्ध्यावरच होता' म्हणणाऱ्यांनी आधी बासची पट्टी बघावी.

आता तपासणी. जॅक फोनमधून काढा, मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. जॅकचं टोक ते मुळाकडचा भाग म्हणजे डावी बाजू, मधली रिंग ते मुळाकडचा भाग म्हणजे उजवी. माइकवाल्या चार भागांच्या जॅकमध्ये सहसा टोकाकडून तिसरा भाग ग्राउंड असतो. ३२ ओहमच्या हेडफोनवर ३० ते ३५ च्या आसपास आकडा यायला हवा आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) टेकवताना हेडफोनमधून बारीक 'टक्' ऐकू येतं, तीही एक तपासणीच.

आकडाच आला नाही तर कॉइल तुटली असं लगेच ठरवू नका. प्रोब तसेच धरून वायर जॅकजवळ आणि कपजवळ हळू वाकवा. आकडा मध्येच येत-जात असेल तर वायर तुटलीय. तसं नसेल तर पॅड काढून कप उघडा आणि थेट ड्रायव्हरच्या टर्मिनलवर मोजा. तिथेही काही नाही, तरच ड्रायव्हर गेला. दुसऱ्या बाजूपेक्षा आकडा बराच कमी असेल तर कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट झालेत, म्हणजे तीही जळालेलीच.

आकडे ठीक आणि तरी खरखर? टोन जनरेटर अॅपवर २० ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा स्वर, अगदी कमी आवाजात वाजवा. ठराविक पट्ट्यात फडफड आली की पॅड काढून जाळीमागे भिंगाने पाहा. तिथे केस सापडतो, आणि हे इतक्या वेळा होतं की मी ड्रायव्हरला दोष देण्याआधी नेहमी इथेच बघायला सांगेन. प्लास्टिकच्या चिमट्याने केस उचला. स्टीलचा नको, चुंबक तो ओढून घेतो आणि टोक पडद्यातून आरपार जातं. कॉइल घासत असेल तर सगळ्या स्वरांवर कोरडी खसखस येते. घासणारी कॉइल घरी दुरुस्त होत नाही, ड्रायव्हर बदलावाच लागतो.

ड्रायव्हर घेताना नुसतं '४० मिलिमीटर' पाहून घेऊ नका. ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती डेसिबल) जुळली पाहिजे. ३ डेसिबलचा फरक पडला तरी गायक मधून एका कानाकडे सरकतो. त्याच मॉडेलचा सुटा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर जोडीच घ्या आणि दोन्ही बदला. सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, जॅक आणि मीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील. नेमका ड्रायव्हर बहुधा मॉडेलच्या नावाने ऑनलाइनच शोधावा लागतो.

उघडताना फोटो काढा. कोणती वायर कुठे, ड्रायव्हरमागची कागदी चकती किंवा फोम कसा बसलाय, सगळं. ती चकती फाटली किंवा राहून गेली तर बास बदलतो आणि मग नवा ड्रायव्हर खराब निघाला असं वाटत राहतं. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा आणि टर्मिनलवर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. कॉइलची बारीक तार त्याच टिकलीवर जोडलेली असते, जास्त तापलं की ती सुटते. आयर्न चुंबकाकडे ओढलं जातं, म्हणून मनगट टेबलावर टेकवून डाग द्या. हेडफोनच्या रंगीत वायरींवर लाखेचा थर असतो. ब्लेडने खरवडलं तर तंतू तुटतात. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन वायरीचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवलं की लाख जळून टोक चमकतं. तेव्हा खिडकी उघडी असू द्या. लाल म्हणजे उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस ग्राउंड, असं बहुधा असतं. पण मीटरने खात्री करा.

टर्मिनल उलटी लागली तर आवाज येतो, पण बास पोकळ होतो आणि गायक डोक्यात कुठे उभाय ते कळत नाही. म्हणून डाग देण्याआधी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहा. सेलचं अधिक टोक त्याच टर्मिनलला लावल्यावर दोन्ही ड्रायव्हरचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत. ड्रायव्हर चिकटवायला झटपट गोंद वापरू नका, त्याची वाफ पडद्यावर बसते. मोबाइलवाले वापरतात तो बी-७००० कडेने बारीक लावा आणि रात्रभर सुकू द्या.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आतला अॅम्प्लिफायर त्याच ड्रायव्हरच्या मापाचा असतो, तिथे नुसत्या आवाजाने ड्रायव्हर सहसा जळत नाही. एक बाजू बंद पडली तर घाम, पाणी आणि बॅटरी आधी तपासा. कानात घालायच्या बारीक इअरफोनचा ड्रायव्हर गेला तर मात्र उघडण्याच्या भानगडीत पडू नका, कवच फुटल्याशिवाय ते बहुधा उघडतच नाहीत.

सगळं जोडून झालं की पॅड बसवण्याआधी तोच २० ते २०० हर्ट्झचा स्वीप पुन्हा वाजवा. आवाज अगदी खालून सुरू करा, आणि इक्वलायझर सपाट ठेवायला विसरू नका.