मंडळाचं खळं

रब्बीची ज्वारी हाती आली की दरवर्षी आपल्या मंडळाचा खळ्याचा, म्हणजे जुन्या रीतीने बैलांनी ज्वारी मळायचा, दिवस ठरतो. नारळ फुटतो, पाहुण्यांना टोपी-उपरणं होतं, हिशोब वाचून मंजूर होतो. हे सगळं दहाच्या आत उरकायचं, कारण तोवर कणसांवरचं दव उडतं आणि पात, म्हणजे एका दोरात बांधलेली बैलांची रांग, कणसांवर धरता येते. दमट कणसं कितीही तुडवली तरी दाणा सुटत नाही, उगाच बैल दमतात.

खरं काम आठवडाभर आधी सुरू झालेलं असतं. जागा उंचवट्याची आणि वाऱ्याला मोकळी बघायची. झाडाच्या किंवा गंजीच्या आडोशाला खळं केलं तर संध्याकाळी पस्तावायची पाळी येते. 25 फूट व्यासाचं रिंगण खरवडून काढायचं, पाणी मारायचं, माती मऊ झाली की वर भुसकट पसरून बैल फिरवायचे. भुसकट नसेल तर ओली माती खुरांना चिकटून निघते. मग चोपण्याने ठोकून शेणकाल्याचे दोन हात द्यायचे. पाणी जास्त झालं तर वाळताना भेगा पडतात आणि दाणे त्यात जातात. शेण कमी पडलं तर पापुद्रे सुटतात आणि त्या वर्षीच्या भाकरीत कचकच लागते. काळ्या रानात हे फार जपावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी मुद्दाम पांढरी माती आणून टाकतात.

ज्वारी मालदांडीच हवी, यावर मंडळात कधी दुमत झालं नाही. 1930च्या दशकात मोहोळला निवडलेला हा मालदांडी 35-1 वाण आजही या कोरडवाहू पट्ट्यात टिकून आहे. धाट उंच आणि कडबा गोड, त्यामुळे पेंढ्या बांधणं आणि गंजी रचणं मुलांना नीट दाखवता येतं. बुटक्या वाणाची पेंढी हातात धरून काय शिकवणार?

खळ्याच्या मध्यभागी तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, दोन फूट खोल रोवतात. त्याच्याभोवतीचा दोराचा फास सैल ठेवावा लागतो. फास आवळला की दोर तिवड्याला गुंडाळत जातो आणि सगळी पात आत ओढली जाते. चार बैलांत म्हातारा, संथ बैल तिवड्याजवळ आणि चपळ बैल कडेला, कारण कडेच्याला फेरा मोठा पडतो. हल्लीचे बैल गाडीला सरावलेले, गोल फिरायला बिचकतात. म्हणून पहिला तासभर दोनच जुंपायचे. तोंडाला मुसक्या. मागे एक जण हातात भुसकटाचा बोळा घेऊन चालतो. बैलाची शेपटी उचललेली दिसली की पुढे होऊन शेण वरच्या वर झेलायचं. पोरं आधी लाजतात, दुपारपर्यंत त्याच कामासाठी भांडतात. अधूनमधून दाताळ्याने थर खालीवर केला नाही तर वरच्या कणसांचा चुरा होतो आणि खालची तशीच राहतात.

आणि मग उफणणीसाठी, म्हणजे दाणा आणि भूस वेगळं करायला, वाऱ्याची वाट. ही वेळ मला सगळ्यांत प्रिय. मंडळातले सर्वांत वयस्कर आजोबा तिवईशेजारी, म्हणजे उफणताना उभं राहायच्या तीनपायी घडवंचीशेजारी, उभे राहतात आणि बोलू लागतात. त्यांना कधी माईक लागला नाही. मूठभर मळलेला माल तळहातावर घेऊन ते हलकी फुंकर मारतात. भूस उडतं, दाणे राहतात. "पाटी गच्च भरू नको, अर्धीच घे. खांदा भरून आला की हात थरथरतो अन् धार तुटते." वारा बाजूने यावा, धार सावकाश सोडावी. झुळूक मंद असेल तर भूस दाण्यावरच पडतं. वावटळ उठली तर हलका दाणा भुसात जातो, तेव्हा हात लगेच थांबवायचा. खाली बसलेल्याने राशीवर आलेले कणसांचे तुकडे फड्याने हलकेच ओढून घ्यायचे. हे सगळं ते दरवर्षी त्याच शब्दांत सांगतात आणि दरवर्षी अंगावर काटा येतो.

रास झाली की पायतण बाहेर काढून मोजणी. 4 शेरांची पायली, 12 पायल्यांचा मण, 20 मणांची खंडी. 1956च्या कायद्यानंतर बाजारातून ही मापं गेली, पण आपली लाकडी पायली कुणीतरी माळ्यावर जपून ठेवली होती, म्हणून हे जमतं. पायली शिगोशीग भरायची आणि पहिलीला 'एक' म्हणायचं नाही. आजोबांचा 'लाभ' खळ्यावर घुमतो, मग दोन, तीन. तोवर कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मनाला लागते, ती लिहितोच. दुपारी पिठलं-भाकरीच्या पंगतीला पत्रावळ्या कमी पडतात, बैलांसोबत फोटोंना रांग लागते आणि चारला वारा सुटतो तेव्हा तिवईभोवती मोजकीच माणसं उरतात. उफणणी आणि मोजणी न बघता घरी जाणाऱ्यांनी खळं बघितलं, असं कसं म्हणायचं?

पूर्वी खळ्यावरच बलुत्याचा वाटा निघायचा, कुणाला विसरून चालायचं नाही. म्हणून इथेही कुणी राहू नये. तिवडा, तिवई आणि दाताळ्याचे दात करून देणारे सुतारमामा. अंबाडीचे कासरे वळणारे बाबा आणि मुसक्या विणणाऱ्या त्यांच्या सूनबाई. बैलजोड्या रात्रीतून चालवत आणणारे दोघे भाऊ. टेम्पोत चढवलेले बैल बुजतात म्हणून ते पायीच येतात. पाटीपाटीने शेण देणारे गोठेवाले, शेणकाला करणाऱ्या मावशी आणि वहिनी, कणसं खुडून तीन दिवस वाळवणाऱ्या काकू, पाण्याचा टँकर पाठवणारे दादा, चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या ताई, दहावीची परीक्षा तोंडावर असताना पोरांना सोडणारे गुरुजी. कडबा रचणारी मुलं. वीज नसताना कंदील पुरवणारे शेजारी.

आणि शेवटी मातेरं निवडायला बसणाऱ्या तिघी आजी. सगळे पांगल्यावर त्या सुपांनी पाखडून खडे आणि दाणे वेगळे करतात, दोन-तीन पायल्या तरी त्यातून निघतात. त्यांचं नाव पत्रिकेत कधीच छापलं जात नाही. पुढच्या वर्षी ते सगळ्यांत वर छापावं, अशी कार्यकारिणीला विनंती आहे.