कमी ऊर्जेच्या घरांसाठी उष्णतेचा पर्याय निवडताना

नव्या गृहवसाहतीसाठी उष्णतापुरवठ्याच्या पर्यायांची तुलना करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा घरांचे आराखडे पक्के झाले होते. जाड उष्णतारोधन, तिहेरी काचेच्या खिडक्या आणि ‘पॅसिव्ह हाउस’ मानकानुसार खोल्यांसाठी चौरस मीटरमागे वर्षाला जास्तीत जास्त 15 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता. म्हणजे 100 चौरस मीटरच्या घराला वर्षभरात 1,500 युनिट पुरणार होती.

पर्यायांना हात घालण्यापूर्वी मी गरम पाण्याचा हिशेब वेगळा मांडला. 40 लिटर पाणी 45 अंशांनी तापवायला सुमारे 2 युनिट लागतात. तीन माणसांच्या घरात रोज माणशी एवढेच पाणी धरले, तरी वर्षाला 2,200 युनिटच्या आसपास होतात. अशा घरात खोल्यांपेक्षा पाण्यालाच अधिक उष्णता लागते, आणि तिथून तुलनेचा रोखच बदलतो.

सामाईक बॉयलर आणि जमिनीखालून गरम पाण्याचे नळ, हा पर्याय बहुतेकांच्या पसंतीचा होता. मात्र पाण्यासाठी हे नळ उन्हाळ्यातही गरम ठेवावे लागतात. घरामागे 10 मीटर नळमार्ग आणि मीटरमागे 15 वॅट उष्णतेची गळती धरली, तर वर्षाच्या 8,760 तासांत 1,314 युनिट मातीत जातात, म्हणजे जवळपास खोल्यांच्या गरजेइतकी! उंच, दाट इमारतींत घरामागे नळ फारच थोडा लागतो; तिथे हाच पर्याय सरस ठरू शकतो, हेही मी अहवालात आवर्जून नोंदवले.

थेट विजेचे हीटर बसवायला स्वस्त, पण विजेच्या एका युनिटमागे ते एकच युनिट उष्णता देतात. फरशीखालच्या नळ्यांत 35 अंशांचे पाणी खेळवायचे असेल, तर चांगला हीट पंप, म्हणजे हवेतली किंवा जमिनीतली उष्णता खेचून घरात आणणारे यंत्र, त्याच विजेत तीन-चार युनिट देतो. मात्र साठवलेल्या कोमट पाण्यात वाढणाऱ्या लेजिओनेला जंतूंच्या धोक्यामुळे साठवणीचे पाणी 60 अंशांवर ठेवायचे म्हटले, की त्याची कार्यक्षमता बरीच घसरते. म्हणून पिण्या-आंघोळीचे पाणी साठवून न ठेवता आयत्या वेळी तापवणारी रचना मी सुचवली.

शेवटी शिफारस केली ती घरोघरी लहान हीट पंप आणि त्यांना जमिनीतली उष्णता पुरवणाऱ्या सामाईक कूपनलिकांची. त्यांच्या नळांतले पाणी मातीच्याच तापमानाच्या जवळ असल्याने गळती नगण्य राहते. सामाईक पंपाची वीज आणि देखभाल कोणी सोसायची, हा प्रश्न तेवढा उरला होता. त्याची तरतूद देखभाल करारात घातल्यावरच मी अहवाल सादर केला.