छापील किंमत आणि आमची चिठ्ठी

आमचं मेडिकल मामंजींनी 1991 साली निपाणीत सुरू केलं. त्याआधी ते कोल्हापुरात एका स्टॉकिस्टकडे, म्हणजे औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, ऑर्डरी भरायचे. कुठली गोळी कुठल्या खोक्यात, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक. पण लायसन्सला फार्मासिस्ट लागतो, आणि ते फार्मासिस्ट नव्हते. पहिली पंधरा वर्षं पगारी माणसाच्या नावावर दुकान चाललं. 2006 साली मी गडहिंग्लजहून सून होऊन आले, ती डी. फार्म. करूनच. पत्रिकेआधी माझी मार्कलिस्ट बघितली होती, हे घरात अजून हसत सांगतात.

पण माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं आणि दुकान कर्नाटकात. नाव बेंगळुरूच्या कौन्सिलकडे चढेपर्यंत मी काउंटरच्या आत उभी राहून फक्त वही लिहीत होते. औषध खात्याची पत्रं कन्नडमधून यायची. मी एसटीच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. आता सर्क्युलर मी वाचते आणि मामंजी विचारतात, "काय म्हणतात?"

गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, मास्तर मंडळी आणि तंबाखूच्या वखारीतल्या बायका. वखारीत दिवसभर तंबाखूची धूळ नाकात जाते, त्यामुळे खोकला आणि दमा आमच्याकडे बारा महिने. ऑक्टोबर 2024 मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, आठ औषधांच्या कमाल किमती एकदम 50 टक्क्यांनी वाढवायला परवानगी दिली. कच्चा माल महागला, या भावात बनवणं परवडत नाही, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. त्या आठांत दम्यावरच्या साल्ब्युटामॉलच्या गोळ्याही होत्या. वखारीतली एक मावशी स्ट्रिप उलटीपालटी करून म्हणाली, "वैनी, गोळी तीच, पाकीट तेच, पैसं मात्र न्यारंच की वो." गोळीमागे वाढ पैशांतली, पण महिन्याचं औषध आठवड्याआठवड्याने नेणाऱ्याला ती कळते.

लोकांना वाटतं भाव आम्ही ठरवतो. सरकारच्या आवश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत एनपीपीए ठरवते आणि दर एप्रिलला ती घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार हलते. 2022 मध्ये जवळजवळ 10.8 टक्के वाढ झाली, 2023 मध्ये 12.1. दोन वर्षं लागोपाठ एवढी वाढ आम्ही पहिल्यांदाच बघितली. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, आणि पुष्कळ कंपन्या ती न चुकता वाढवतात.

तरी खरी गोम वाढीत नाही, छापील किमतीतच आहे. ही गोष्ट आमच्याच चुकीची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. 2012-13 च्या सुमाराला एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, यायचा. त्याच्याकडचा माल "जेनेरिक" म्हणून, म्हणजे औषध तेच पण नावाजलेला ब्रँड नाही असा, विकला जायचा. आम्हाला सहा-सात रुपयांना पडणारी सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप, वर छापलेलं चाळीस. दहावर एक फुकटची स्कीम वेगळी. कायद्याने त्यात काही वावगं नव्हतं. आम्ही दोन वर्षं तो माल विकला, कधी पाच रुपये सूट देऊन, आणि सूट दिली म्हणून स्वतःच खूशही व्हायचो. एक दिवस एका निवृत्त शिक्षकांनी दोन स्ट्रिपा काउंटरवर ठेवल्या. एक आमची, एक सरकारी योजनेच्या जनऔषधी दुकानातली. औषध तेच, मात्रा तीच, किंमत चौथाईच्याही खाली. ते काही बोलले नाहीत. मामंजींनी दोन्ही स्ट्रिपा वाचल्या, चष्मा पुसला आणि त्या एमआरची ऑर्डर बंद केली. नफा किती कमी झाला ते मार्चला कळलं.

मग स्वस्त पर्याय सरळ का देत नाही, असं विचारतात. डॉक्टरांनी ज्या ब्रँडचं नाव लिहिलं, तो बदलून दुसरा द्यायचा अधिकार दुकानदाराला नाही. म्हणून आम्ही चिठ्ठी सुरू केली. कोऱ्या कागदावर औषधाचं मूळ नाव, मात्रा, लिहिलेल्या ब्रँडची किंमत, दुसऱ्या चांगल्या कंपनीची किंमत, आणि खाली एक ओळ: "डॉक्टरसाहेब, हे चालेल का?" पेशंट ती घेऊन पुन्हा दवाखान्यात जातो. काही डॉक्टर हसून सही करतात. एकांनी फोन करून मला झाडलं, की दुकान चालवा, दवाखाना नको. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल या रोजच्या गोळ्यांना मात्र ही चिठ्ठी चांगली चालते.

सीमेवर असल्याने मालाची वाट दोन्ही बाजूंनी. कोल्हापूर साधारण 40 किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, तरी 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत दुसऱ्या राज्यातला माल म्हणजे फॉर्मांची कटकट. कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी बसली तेव्हा आमचा मुलगा बर्फाच्या डब्यात इन्शुलिन घेऊन दोन तास उभा होता. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा आठवडाभर बिलं दोनदा तपासावी लागली, ते वेगळंच.

भावाइतकीच काळजी मालाची. एकदा पॅन्टोप्राझोल या पित्ताच्या औषधाच्या एका बॅचमधल्या गोळ्या फोडल्या की हातात भुगा यायचा. वरचा लेप तडकलेला. ही गोळी लेपासकट पोटापुढे जायला हवी, नाहीतर आम्लात तिचं काम तिथेच संपतं. आम्ही औषध खात्याच्या इन्स्पेक्टरांना कळवलं, नमुना प्रयोगशाळेत गेला. चार महिन्यांनी कागद आला: माल दर्जाचा नाही. तोवर ती बॅच सगळीकडे खपून गेली होती. स्टॉकिस्टने आमच्याकडचा उरलेला माल घेतला, क्रेडिट नोट दिली. कुणी किती गोळ्या खाल्ल्या, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक बिलावर बॅच नंबर आणि गिऱ्हाइकाचा फोन लिहितो. उशीर होतो, रांगेतले कुरकुरतात. सुटी गोळी देतानाही कात्री एक्सपायरीच्या कडेपासून लांब चालते, ती कड शेवटपर्यंत आमच्याकडे राहते.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलं गेली. त्या तामिळनाडूत बनलेल्या बाटल्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48 टक्क्यांवर निघालं, मर्यादा 0.1 टक्का. ते औषध आमच्याकडे नव्हतं. तरी बातमी आली त्या रात्री मी आणि मामंजींनी लहान मुलांच्या सगळ्या बाटल्या खाली उतरवून एकेक लेबल वाचलं. दुसऱ्या दिवशी आया आपापल्या घरातल्या बाटल्या घेऊन आल्या. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीचं ठरावीक मिश्रण देऊ नका, अशी सूचना 2023 पासून लेबलवर सक्तीची आहे. पण ती ओळ इतक्या बारीक अक्षरात, की मामंजींची भिंगाची काच पुन्हा काउंटरवर आली, ती अजून तिथेच असते. वाचून घ्यायचं असेल तर मागा, देतो.

दुकान सकाळी साडेआठ ते रात्री साडेनऊ. रविवारी दुपारनंतर बंद. इन्शुलिन संपलं असेल तर मागच्या बोळातून येऊन बेल वाजवा. जिना मोडका आहे, डावीकडून चढा.