आमची वाटचाल : गच्चीवरून माळावर

आमच्या रोपवाटिकेत खताचं पोतं सापडणार नाही, आणि बागेतली मातीही नाही. कीटकभक्षी वनस्पतींना दोन्ही सोसत नाही. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), परलाइट (खडकाचे फुगवलेले हलके दाणे), धुतलेली रेती आणि जवळजवळ क्षारमुक्त पाणी एवढ्यावर आमचा धंदा उभा आहे.

सुरुवात छंदातून झाली. जबड्यासारख्या पानांत माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचे गड्डे फुटत गेले, नळीसारख्या घटांत किडे अडकवणाऱ्या सारासेनियाचे कंद कुंडीबाहेर डोकावू लागले, दवबिंदूचं (पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणाऱ्या ड्रॉसेराचं) बी न सांगता शेजारच्या कुंड्यांत रुजलं. ओळखीच्या सगळ्यांना रोपं वाटून झाली, तरी गच्ची भरलेलीच. मग विकायला लागलो. बियांपासून विक्रीजोगा फ्लायट्रॅप व्हायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे जागा रिकामी होण्याचा वेग नेहमीच भरण्याच्या मागे राहिला. त्यात आजूबाजूच्या इमारती वाढल्या. दिवसभर ऊन हवं असलेले सारासेनियाचे घट सावलीत लुळे पडायला लागले, रंगही उतरला. आरओ यंत्र जेवढं पाणी द्यायचं त्याहून जास्त मोरीत सोडायचं, ते वेगळंच. संग्रह गावाकडे न्यायचं ठरलं ते अशा अडचणींतून. निसर्गाची ओढ वगैरे नंतर लागली.

जागा बघताना पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर खिशात असायचा. जमीन दाखवणारा प्रत्येक जण विहिरीचं पाणी किती गोड आहे ते सांगायचा, आणि चवीला ते असायचंही. पण माणसाला गोड लागणाऱ्या पाण्यात काहीशे पीपीएम (दहा लाख भागांत काहीशे भाग) क्षार सहज असतात, आणि आम्हाला लागतं ५० च्या आतलं. ही झाडं मूळची दलदलीतली, निकृष्ट जमिनीवरची. नायट्रोजन किड्यांतून मिळवायची सवय लागलेल्या त्या मुळांना कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साठा झेपत नाही. तो पीटमध्ये हळूहळू चढत जातो आणि झाड आतून खचतं. म्हणून आम्ही विहिरीचा नाद सोडून छपराचा हिशेब केला. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी. घर दुरुस्त व्हायच्या आधी पन्हळी आणि टाक्या बसल्या. दुसरी अट होती शेजारच्या शेतांपासून अंतराची. वाऱ्यावर येणारं तणनाशक आणि खताची भुकटी, दोन्ही आमच्यासाठी विषच.

हलवाहलवीचं वेळापत्रक ट्रकवाल्याने नाही, झाडांनी ठरवलं. सारासेनिया आणि फ्लायट्रॅप थंडीत सुप्तावस्थेत जातात, तेव्हाच त्यांना उचललं. घट छाटले, कंद ओल्या स्फॅग्नम शेवाळात गुंडाळले; कंबरेएवढं वाढणारं झाड मुठीत मावायला लागलं. कंदाचे ऑस्ट्रेलियन दवबिंदू तर कोरड्या वाळूच्या कुंड्या म्हणूनच गेले, त्यांना प्रवास कळलाही नसेल. ताप दिला तो घटपर्णींनी, म्हणजे पानांच्या टोकाला घट धरणाऱ्या वेलवर्गीय नेपेंथिसने. त्यांना झोपेचा ऋतूच नसतो. प्रवास रात्री, घटांच्या तोंडात कापसाचे बोळे, लांबलेल्या वेली कापून त्यांची कलमं आधीच दुसऱ्या जाणकारांकडे ठेवायला दिलेली, मूळ झाड वाटेत गेलंच तर वाण हातचा जाऊ नये म्हणून. जमिनीलगत छोटे घट धरणारा ऑस्ट्रेलियन सेफॅलोटस सगळ्यांत शेवटी, कुंडीसकट, मुळांना हात न लावता. धडधाकट दिसणारा सेफॅलोटस मुळं दुखावली की एकाएकी बसतो, हे पाळणाऱ्यांना सांगायला नको.

खरी काळजी मात्र नावपट्ट्यांची होती. छाटलेले सारासेनियाचे कंद एकमेकांसारखेच दिसतात. पट्टी हरवली तर मूळ ठिकाणाची नोंद असलेलं झाड नुसतं ‘छान दिसणारं झाड’ उरतं, आणि संग्राहक त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. प्रत्येकाला दोन पट्ट्या लावल्या, एक वर आणि एक गाडलेली, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. या नोंदींना आम्ही जपतो त्याचं आणखी एक कारण आहे. फ्लायट्रॅप रानात फक्त अमेरिकेतल्या दोन्ही कॅरोलिना राज्यांतच मूळचा आहे, आणि तिथून तो इतका चोरीला जातो की उत्तर कॅरोलिनात २०१४ पासून ही चोरी गंभीर फौजदारी गुन्हा आहे. आमचं प्रत्येक रोप कोणत्या मातृरोपापासून आलं ते दाखवता यायलाच हवं.

नव्या जागी घटपर्णींनी पानं काढली, पण पानांच्या टोकाला घट धरेनात. हवेतला ओलावा बदलला की त्या अशाच रुसतात. नवे घट उघडेपर्यंत त्यांची विक्री बंद ठेवली. काही गिऱ्हाइकं नाराज झाली, होऊ देत. दवबिंदूंचा चिकट दव प्रवासात पार गेला होता, तो मात्र लवकर परतला.

गावाकडे किडे भरपूर, हा आनंदही पुरता खरा नाही. सारासेनिया फ्लावा माश्यांनी गळ्यापर्यंत भरतो आणि घटाच्या भिंतीवर तपकिरी डाग उठतात. आत अडकलेल्या गांधीलमाश्या भिंत कुरतडून बाहेर पडतात. पक्षी घरट्यासाठी मॉस उपटून नेतात, म्हणून जाळी आली. बेडूक घटात बसून आयत्या माश्या खातात. त्यांना आम्ही काही म्हणत नाही.

वीज जाते तेव्हा गारवा-ओलावा देणारं धुक्याचं यंत्र, फॉगर, बंद. थंड रात्री लागणाऱ्या डोंगराळ नेपेंथिस अशा भरवशावर ठेवणं आम्हाला पटेना. मलेशियातल्या किनाबालू पर्वताच्या उतारांवर १,५०० मीटरच्या वर वाढणारी नेपेंथिस राजा आणि तिच्यासारख्या बाकीच्या, ज्यांच्याकडे थंड खोल्या आहेत त्यांना देऊन टाकल्या. यादी आखूड झाली, आहे ती झाडं मात्र ठणठणीत आहेत.

सारासेनिया आणि फ्लायट्रॅप आम्ही आता फक्त सुप्तावस्थेत, उघड्या मुळांनी पाठवतो. भर उन्हाळ्यात मागणी आली तर नोंदवून ठेवतो. नेपेंथिस जातात त्या नव्या जागी किमान एक घट धरल्यावरच. सेफॅलोटस अजून विक्रीला नाही, विचारू नये.