गेलो होतो वह्या आणायला

आज लेकीला घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले होते. काम वह्या-कव्हरांचं, पण फुटपाथवर जुन्या 'किशोर'चा गठ्ठा दिसला आणि पाय तिथेच अडकले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. आमच्या घरी अंक आला की दादाशी मारामारी ठरलेली. एकदा आईने वैतागून पिना काढल्या आणि अंक अर्धा-अर्धा वाटून दिला. गोष्टीचा शेवट अर्थातच दादाकडे!

मोठ्या कौतुकाने लेकीला अंक दाखवला. "ई, वास येतोय." उचललं काय, तर कोळ्यांवरचं पुस्तक. मला कोळी नुसता दिसला तरी शहारे येतात. 'हे कशाला?' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. (लहानपणी वाचनालयातल्या बाई "हे मोठ्यांचं आहे, ठेव" म्हणायच्या. तो राग अजून गेलेला नाही.)

परतीच्या बसमध्ये बाईसाहेबांनी मान वर केली नाही. मी सवयीने मोबाइल काढला, तर कोपराने ढोसून म्हणते, "आई, बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. बघ ना, फोटो आहे!"

बघितला. डोळे बारीक करून.

घरी आल्यावर लक्षात आलं, वह्या राहिल्याच. उद्या परत चक्कर.